तांबडे राक्षसी तारे वस्तुमान बाहेर टाकतात म्हणे, पण ढकलतं कोण?

रात्रपाळी

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय, आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या, मला सर्चमध्ये तरी सापडला नाही.

कुठलाही लेख उघडा, कुठलाही व्हिडिओ बघा, वाक्य तेच असतं. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबडा राक्षसी तारा होतो, मग "बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो" आणि आत श्वेतबटू शिल्लक राहतो. आता हे "सोडून देतो" म्हणजे नक्की काय करतो? सुपरनोव्हा असेल तर समजतं, धडाम झालं, उडालं. पण इथे स्फोट होत नाही असंही तेच लोक सांगतात. मग ढकललं कोणी? ग्रॅव्हिटी तर आत ओढते. फुगल्यामुळे वरच्या थरावरची ओढ कमी होते हे मान्य, पण कमी म्हणजे शून्य नव्हे ना, चंद्रावर पण कमीच आहे, म्हणून काय चंद्राची माती उडून चाललीय का.

दुसरं म्हणजे किती जातं? एका ठिकाणी १० टक्के वाचलं, दुसरीकडे निम्मं, एका ठिकाणी तर चक्क ८० टक्के. आणि हे कुणी प्रत्यक्ष बघितलंय का की सगळा कॉम्प्युटरवरचा हिशोब आहे?

गणित फार नको, पण अगदी बालवाडीतलं पण नको. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पावणेतेरा

इंधन जळलं की वजन कमी होणारच की, त्यात काय एवढं. एवढी अब्जावधी वर्षं हायड्रोजन जाळतोय तो.

मृगशीर्ष

वाचतोय. आर्द्रा मध्यंतरी अचानक मंद झाली होती तो हाच प्रकार का?

दुर्बीणवाला

@पावणेतेरा, तसं नाही हो. ताऱ्यात "जळणं" म्हणजे चार हायड्रोजनचा एक हेलियम होणं, आणि त्यात वस्तुमान घटतं फक्त ०.७ टक्के, बाकीचे ९९.३ टक्के हेलियम बनून तिथेच आत पडून असतात. सूर्य आत्ता प्रकाशाच्या रूपात सेकंदाला साधारण ४० लाख टन घालवतो आणि सौरवाऱ्यातून आणखी १५ लाख टन, ऐकायला भयंकर वाटतं पण याच दराने १००० कोटी वर्षं चाललं तरी एकूण वस्तुमानाच्या हजारातला एक भागही धड जात नाही. म्हणजे श्वेतबटू उरताना जे निम्मं-अर्धं गायब झालेलं असतं ते जळून गेलेलं नाही, ते खरोखर उठून बाहेर गेलंय.

आता मूळ प्रश्न. रात्रपाळी, तुमची चंद्राच्या मातीची शंका एकदम रास्त आहे आणि बहुतेक लेख नेमके इथेच गंडवतात, "ओढ कमी झाली म्हणून वायू निसटला" असं लिहून मोकळे होतात. आकडे घालून बघा. सूर्याच्या पृष्ठभागावरून कायमचं निसटायचं तर सेकंदाला ६१८ किमी वेग लागतो. तोच सूर्य ३०० पट फुगला की हा वेग उतरतो ३६ किमीवर (३०० च्या वर्गमुळाने भागायचं, बास). आणि तिथली ओढ आपल्या पृथ्वीवरच्या ओढीच्या तीन हजारांश वगैरे, म्हणजे नावालाच. पण तिथलं तापमान असतं जेमतेम ३००० केल्विन, आणि त्या तापमानाला हायड्रोजनचे अणू सरासरी पळतात ८-९ किमीने. लागतात ३६, आहेत ९. म्हणजे नुसतं गरम आहे म्हणून उडून जाईल हे जमतच नाही, कुणीतरी ढकलायलाच हवं.

ते काम दोन हप्त्यांत होतं. या अवस्थेतले तारे धडधडतात, म्हणजे शब्दशः आत-बाहेर होतात, एकेक ठोका साधारण वर्षभराचा. तिमिंगल तारकासमूहातला मीरा घ्या, त्याचा काळ ३३२ दिवस. प्रत्येक ठोक्याला आतून एक शॉक वेव्ह वर येते आणि वातावरणाचा वरचा थर उचलून फेकते, तो वर जातो, वेग संपतो, परत खाली पडायला लागतो, तेवढ्यात पुढचा ठोका येतो. एवढ्याने वायू सुटत नाही, पण ताऱ्याच्या त्रिज्येच्या दीड-दोन-तीन पट उंचीवर तो बऱ्यापैकी दाट आणि थंड अवस्थेत लटकत राहतो. धडधड नसती तर तिथे जवळजवळ काहीच नसतं.

आणि त्या उंचीवर तापमान हजार-पंधराशे केल्विनवर आलं की धूळ बनते. धूळ म्हणजे आपल्या घरातली नाही, सिलिकेटचे नाहीतर कार्बनचे कण, धुराच्या कणाएवढे बारीक. आता गंमत अशी की वायू प्रकाशाला बराचसा पारदर्शक असतो, प्रकाश त्यातून सुळकन निघून जातो, पण धुळीचा कण प्रकाश अडवतो, आणि प्रकाश अडवला की प्रकाशाचा दाबही खावा लागतो. हा तारा सूर्याच्या ५००० पट वगैरे तेजस्वी असतो त्यामुळे दाब चांगला दणदणीत असतो आणि कण सुटतात बाहेरच्या दिशेने. जाता जाता ते आजूबाजूच्या वायूच्या रेणूंवर आपटत राहतात आणि त्यांनाही घेऊन जातात. वजनाने धूळ दोनशेत एखादा भाग असते, पण दादरला गर्दी उतरते तेव्हा ज्याला माटुंग्याला जायचंय तोही प्लॅटफॉर्मवर येतो, तसला प्रकार आहे हा.

मग जो वारा तयार होतो तो सौरवाऱ्यापेक्षा एकदम वेगळा. सौरवारा सेकंदाला ४०० किमीने पळतो पण विरळ असतो. हा रांगतो, ५ ते ३० किमी, पण माल प्रचंड. वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा एक दहालक्षांश गेला तर तीन वर्षांत एका पृथ्वीएवढं झालं, आणि अगदी शेवटी शेवटी हा दर दहा-वीस-पन्नास पटीने वाढतो, तेव्हा वर्षाला काही पृथ्व्या जातात. सूर्याचा आत्ताचा दर याच्या कोट्यवधी पट कमी आहे. शेवटचा हा जो जोर असतो तो काही दहा हजार वर्षांपुरताच, ताऱ्याच्या आयुष्यात ते काहीच नाही, पण बहुतेक सगळं सामान त्यातच बाहेर पडतं.

@मृगशीर्ष, आर्द्राचं सावकाशीने लिहितो, ती वेगळी भानगड आहे.

जुनीपोथी

दुर्बीणवाल्यांनी यंत्रणा छान सांगितली. मी "कुणी बघितलंय का" या भागाबद्दल लिहितो कारण त्यात एक फार हुशारीचं काम आहे आणि ते कुठे सांगितलं जात नाही.

आधी व्याध घ्या. आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, सगळ्यांना माहीत. त्याला एक जोडीदार आहे, व्याध ब, १८६२ साली पहिल्यांदा दिसला, तो श्वेतबटू आहे. दोघं एकमेकांभोवती ५० वर्षांत फिरतात त्यामुळे वस्तुमान नीट मोजता येतं. मोठा व्याध सूर्याच्या २ पटीहून किंचित जास्त, आणि बटू सूर्याएवढाच, १ पट. जुळे आहेत, म्हणजे वय सारखं. आता तारा जितका जड तितका लवकर मरतो हा नियम, मग २ पट वाला अजून ऐन तारुण्यात हायड्रोजन जाळतोय आणि १ पट वाला आधीच मेला, हे कसं? अर्थ एकच निघतो, मेलेला आधी जास्त जड होता. हिशोब केला तर साधारण ५ पट येतो. ५ चा १ झाला, ४ सूर्य गेले कुठे? रात्रपाळी, तुमचे ते ८० टक्के इथून आलेत. सूर्यासारख्या हलक्या ताऱ्यातून निम्म्याच्या जरा आतबाहेर जातं, शेवटी ०.५४ पट वगैरे उरतं असं धरतात. जड तारा जास्त टक्के टाकतो, म्हणून प्रत्येक लेखात वेगळा आकडा. १० टक्के कुठे वाचलंत ते बहुतेक पहिल्या फुगण्यापुरतं असेल (असा तारा दोनदा फुगतो).

कृत्तिकेतही हाच पुरावा आहे. त्या पुंजक्याचं वय १०-१२ कोटी वर्षं, त्यात सूर्याच्या ५-६ पटीचे तारे आत्ता कुठे म्हातारे होतायत, आणि तरी तिथे एक श्वेतबटू सापडतो. श्वेतबटू १.४ पटीपेक्षा जड असूच शकत नाही, ही चंद्रशेखर मर्यादा. म्हणजे त्याने आपल्या अंगावरचं सगळं उतरवलं असणारच.

पण हे झाले परिस्थितीजन्य पुरावे. चालू चोरी पकडली ती आर्मिन डॉइच या माणसाने, १९५६ साली. शौरी तारकासमूहात राशलगेठी म्हणून तांबडा तारा आहे, आल्फा हर्क्युलिस. त्याच्या वर्णपटात (प्रकाश रंगारंगांत फोडला की जो पट्टा मिळतो त्यात) काही बारीक, तीक्ष्ण रेषा होत्या ज्या सेकंदाला साधारण १० किमीने आपल्याकडे सरकत असल्यासारख्या दिसायच्या, म्हणजे वायू ताऱ्यापासून बाहेर आपल्या दिशेने येतोय. अशा रेषा इतर तांबड्या ताऱ्यांतही आधी दिसलेल्या होत्या. पण त्याने काय सिद्ध होतं? १० किमीने वर गेलेला वायू पुढे जाऊन परत पडत असेल, पृष्ठभागाजवळ सुटायला त्याहून बराच जास्त वेग लागतो ना. तर डॉइचने काय केलं, या तांबड्या ताऱ्याला एक जोडीदार आहे, साध्या दुर्बिणीतून पण वेगळा दिसतो, पिवळसर-हिरवट, फार सुंदर जोडी आहे, आणि तो मुख्य ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या शेकडो पट लांब आहे. त्याने त्या जोडीदाराचा वर्णपट घेतला. त्यातही त्याच तीक्ष्ण रेषा! जोडीदार त्या जातीचा ताराच नाही, त्याच्या स्वतःच्या वातावरणात त्या रेषा येण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे तांबड्या ताऱ्याचा वायू इतक्या लांब पोचून जोडीदाराच्याही पुढे पसरलाय आणि जोडीदाराचा प्रकाश त्यातून गाळून आपल्याकडे येतोय. आणि तेवढ्या अंतरावर निसटायचा वेग उरतो ३-४ किमी. वायू चाललाय १० ने. परत येणं शक्य नाही.

एका वर्णपटात केस बंद. मला हे काम फार आवडतं, कुठलं मोठं यंत्र नवीन बनवलं नाही, फक्त कुठे बघायचं ते सुचलं.

आजकाल तर रेडिओ दुर्बिणीने थेट वाराच मोजतात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर बोलतो, आपल्याकडे येणारा वायू आणि मागे लांब जाणारा वायू यामुळे ती रेषा दोन्हीकडे फाकते, जितकी रुंद त्याच्या निम्मा वाऱ्याचा वेग. काही ताऱ्यांभोवती तर हायड्रॉक्सिलचा मेझर (लेसरसारखाच, पण रेडिओ लहरींचा) असतो १६१२ मेगाहर्ट्झवर, त्यात दोन टोकं दिसतात, एक पुढच्या कवचाचं आणि एक मागच्या. तारा उजळला की दोन्ही टोकं उजळतात पण मागचं काही आठवडे उशिरा, कारण तो प्रकाश कवचाच्या पलीकडच्या बाजूने येतो. त्या उशिरावरून कवच किती मोठं ते सरळ कळतं. कॉम्प्युटर लागत नाही याला.

फिटर_टर्नर

जबरदस्त चर्चा. ती "कार्बनची धूळ" म्हणालात त्यात सिलिकॉन कार्बाइड पण असतं असं कुठेतरी वाचलं होतं ते खरं का? आम्ही शॉपमध्ये कार्बाइड टूल घासायला हिरवं ग्राइंडिंग व्हील वापरतो ते सिलिकॉन कार्बाइडचंच असतं, कार्बोरंडम. ते ताऱ्यात कसं काय?

दुर्बीणवाला

एकदम खरं. आणि हे नीट समजलं की अर्धा विषय समजला.

ताऱ्याच्या थंड वातावरणात कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट पकडून कार्बन मोनॉक्साइड करतात, आणि तो रेणू इतका पक्का की दोघांपैकी जो कमी असेल तो सगळाच्या सगळा त्यात अडकतो. जो जास्त असेल त्याचं उरलेलं मोकळं राहतं आणि धूळ त्याचीच बनते. बहुतेक तारे ऑक्सिजन जास्त घेऊन जन्माला येतात म्हणून त्यांची धूळ सिलिकेटची, आणि त्याच्याही आधी, ताऱ्याच्या अगदी जवळ, अॅल्युमिनियम ऑक्साइड. म्हणजे माणिक-नीलमचं खनिज, कुरुंद. पण म्हातारपणी आतमध्ये हेलियमचे झटके येत असतात, दर काही दहा हजार वर्षांनी एक, आणि त्यानंतर आत बनलेला कार्बन ढवळून वर येतो. असं होत होत कार्बन ऑक्सिजनच्या पुढे गेला की पार्टीच बदलते, सिलिकेट बंद, काजळी आणि सिलिकॉन कार्बाइड सुरू. त्या कार्बाइडची खूण इन्फ्रारेडमध्ये ११ मायक्रॉनच्या थोडं पुढे दिसते.

एवढंच नाही, ते कण हातात आलेत. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली, त्यातून सिलिकॉन कार्बाइडचे कण वेगळे काढलेत आणि त्यांतल्या आयसोटोपचं प्रमाण सौरमालेतल्या कशाशीच जुळत नाही, असल्या म्हाताऱ्या कार्बन ताऱ्यांशी जुळतं. सूर्य जन्मायच्या आधीचे कण आहेत ते. तुमच्या व्हीलचं मटेरियल भट्टीत बनवलेलं, ते कोणत्यातरी विझलेल्या ताऱ्याच्या वाऱ्यात बनलेलं, पण खनिज तेच.

आतलं वर येतं याचा अजून एक पुरावा सांगतो आणि मग आर्द्राकडे जातो. १९५२ मध्ये पॉल मेरिलला काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम सापडलं. या मूलद्रव्याचा एकही आयसोटोप टिकाऊ नाही, फार तर काही दशलक्ष वर्षांत निम्मं होतं, आणि तारा त्याहून कितीतरी म्हातारा. म्हणजे ते जन्मापासूनचं असूच शकत नाही, आत्ता आत्ता आत शिजून वर आलंय. तारे मूलद्रव्यं बनवतात हे नुसतं म्हणणं आणि ताऱ्याच्या पृष्ठभागावर ताजा माल बघणं यात फरक आहे.

@मृगशीर्ष, आर्द्रा ही राक्षसी नाही, महाराक्षसी, सूर्याच्या पंधरा-वीस पट जड, शेवट सुपरनोव्हाच. २०१९ च्या शेवटी मंद व्हायला लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सगळ्यात मंद झाली, नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. पृष्ठभागावरून एक मोठा गोळा सुटला, तो थंड झाला, त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूला होती म्हणून आड आली, शिवाय पृष्ठभागाचा एक भाग थंड पण पडला होता, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. तेव्हा सगळ्या ग्रुपवर "आर्द्रा फुटणार" सुरू होतं. असो.

शंकासूर

दुर्बीणवाले, गोष्ट मस्त सांगितलीत पण जरा जास्तच गुळगुळीत झाली. दोन ठिकाणी खडे आहेत.

एक, कार्बनवाल्या ताऱ्यांचं ठीक, काजळी काळी असते, प्रकाश खाते, ढकलली जाते. पण तुम्हीच म्हणता बहुतेक तारे ऑक्सिजनवाले. त्यांची सिलिकेटची धूळ, आणि लोखंड नसलेलं सिलिकेट त्या ताऱ्याच्या प्रकाशाला जवळपास काचेसारखं पारदर्शक असतं. प्रकाश अडवतच नाही तर दाब कसला खाणार? लोखंड घातलं तर अडवेल, पण मग इतका तापेल की ताऱ्याजवळ टिकणारच नाही, वाफ होईल. म्हणजे तुमच्या दादरच्या गर्दीला धक्का देणाराच कुणी नाही.

दोन, स्वातीचं काय? स्वाती पण तांबडा राक्षसी ताराच, ३७ प्रकाशवर्षांवर, आपल्या शेजारी. सूर्याच्या २५ पट त्रिज्या, ४३०० केल्विन तापमान, तिथे धूळ बनण्याचा प्रश्नच नाही, मोठी धडधड पण नाही. तरी तिचा वारा आहेच, सेकंदाला ३०-४० किमी. तो कोण ढकलतो?

धागाकर्त्याने "राक्षसी तारे" विचारलंय आणि उत्तर सगळं मीरा टाइपच्या ताऱ्यांचं दिलंय.

पावणेतेरा

आता आली मजा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दुर्बीणवाला

शंकासूर, दोन्ही खडे बरोबर जागी लागलेत.

पहिल्याचं उत्तर आहे आणि मला तरी ते पटतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या सुझान हॉफनर यांनी २००८ मध्ये मांडलं की कणांनी प्रकाश गिळायलाच हवा असं कुठाय, नुसता विखुरला तरी धक्का बसतोच. पण विखुरण्यासाठी कण मोठा हवा, तरंगलांबीच्या जवळपास, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपास. आणि लोखंड नसलेलं सिलिकेट पारदर्शक आहे हाच इथे फायदा होतो, तापत नाही म्हणून ताऱ्याच्या जवळ टिकून वाढू शकतं. मग २०१२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने तीन ताऱ्यांभोवती ध्रुवित प्रकाश मोजला (कणांवरून विखुरलेला प्रकाश असा ओळखता येतो), डब्ल्यू हायड्री, आर डोराडस आणि आर लिओनिस, आणि कण सापडले ०.३ मायक्रॉनचेच, तेही ताऱ्याच्या अगदी जवळच्या कवचात. आधी भाकीत आणि मग मोजमाप, असं झालं की बरं वाटतं. प्रत्येक ऑक्सिजनवाल्या ताऱ्याला हेच लागू पडतं असा माझा दावा नाही. शिवाय हे तारे गुळगुळीत गोल नसतात, आर डोराडसचाच पृष्ठभाग २०२३ मध्ये आल्मा दुर्बिणीने बघितला तर त्यावर वायूचे बुडबुडे वर-खाली होताना दिसले, एकेक सूर्याच्या ७५ पट मोठा, महिन्याभरात बदलणारा. असल्या खदखदीत धूळ सगळीकडे सारखी बनेल ही अपेक्षाच चूक, ती ढगाढगाने बनते.

दुसऱ्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही कारण कुणाकडेच नाही. स्वातीसारख्या, पहिल्यांदा फुगणाऱ्या ताऱ्यांचा वारा चुंबकीय लहरींवर स्वार होऊन निघतो असा अंदाज आहे, आल्फव्हेन लहरी म्हणतात त्या, पृष्ठभागाखालची खळबळ चुंबकीय रेषा हलवते आणि ती हालचाल वर जाऊन वायूला रेटते. पण आकडे नीट जुळवून दाखवणं अजून चालूच आहे. म्हणून मॉडेलवाले वस्तुमान किती दराने जातं ते काढायला सरळ डीटर राइमर्सचं १९७५ चं सूत्र वापरतात. तेज गुणिले त्रिज्या भागिले वस्तुमान, आणि पुढे एक गुणक जो निरीक्षणाशी जुळेल असा ठेवायचा. ५० वर्षं झाली, अजून तेच चालतंय. त्यात भौतिकशास्त्र कमी आणि व्यवहार जास्त आहे, पण चालतंय.

मात्र स्वातीचा वारा फारच किरकोळ, मीराच्या हजारांशाच्याही खाली. सूर्याचं उदाहरण घेतलं तर पहिल्या फुगण्यात, शेवटी शेवटी जेव्हा तो अडीचशे पट होईल तेव्हाच, खरा माल जाईल.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या तपशिलात उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. जोडीदाराच्या वर्णपटाची आयडिया तर अफलातून आहे.

शेवटचे दोन. सूर्य वस्तुमान टाकणार म्हणजे त्याची ओढ कमी होणार, मग पृथ्वी लांब सरकेल ना? म्हणजे वाचेल का आपण? (आपण नाही, ते माहितीये.) आणि यातलं काही घरच्या गच्चीवरून बघता येतं का?

जुनीपोथी

सरकेल. वस्तुमान हळूहळू दोन तृतीयांश झालं तर कक्षा दीड पट होते, साधं व्यस्त प्रमाण आहे. श्रोडर आणि स्मिथ या दोघांनी २००८ मध्ये हा हिशोब मांडला, पहिल्या फुगण्याच्या शेवटी, आजपासून साधारण ७५९ कोटी वर्षांनी, सूर्य आत्ताच्या २५६ पट होईल, म्हणजे पृथ्वी आत्ता आहे त्याच्याही थोडं पुढे, १.२ पट अंतरापर्यंत. नुसतं वस्तुमान घटणं धरलं तर पृथ्वी दीड पटीवर जाऊन सुटते. पण एवढा फुगलेला सूर्य फार सावकाश फिरतो, पृथ्वीमुळे त्याच्यावर भरतीसारखा जो फुगवटा येतो तो पृथ्वीच्या मागे पडतो आणि तिला मागे खेचतो, शिवाय ती त्याच्या विरळ वातावरणातून घासत जाणार. त्यांच्या हिशोबात पृथ्वी गिळली जाते. मंगळ वाचतो. अर्थात समुद्र त्याच्या कितीतरी आधी उकळून गेलेले असणार, त्यामुळे गिळली काय आणि न गिळली काय.

दुर्बीणवाला

गच्चीवरून वारा दिसणार नाही पण वारा काढणारे तारे नक्की दिसतील.

मीरा बघाच. हिवाळ्यात संध्याकाळी मीन राशीच्या व्ही आकाराच्या टोकापासून खाली, आग्नेयेला, सात-आठ अंशांवर. १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिशियसला पहिल्यांदा दिसला आणि नंतर गायब झाला, कारण उजळ असताना तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा असतो आणि मंद असताना नवव्या-दहाव्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे नुसत्या डोळ्यांना काहीच नाही. यातला बराचसा फरक तारा थंड झाल्यावर टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू दिसणारा प्रकाश गिळतात म्हणून पडतो, एकूण ऊर्जा तेवढी बदलत नाही. ३३२ दिवसांचा काळ असल्यामुळे उजळ होण्याची तारीख दरवर्षी महिनाभर अलीकडे येते आणि काही वर्षं ती नेमकी मीरा सूर्याजवळ असतानाच पडते, मग बोंब. तेव्हा आधी तारीख बघून घ्या.

याच मीराच्या मागे २००७ साली गॅलेक्स उपग्रहाला अतिनील प्रकाशात शेपूट सापडलं, १३ प्रकाशवर्षं लांब. तारा सेकंदाला १३० किमीने अंतराळातल्या वायूतून घुसतोय आणि त्याने टाकलेला माल मागे राहत चाललाय, गेल्या ३० हजार वर्षांचा. आकाशात ते दोन अंश भरतं, चार पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवल्यासारखं, आणि इतकी वर्षं मीराकडे बघूनही कुणालाच माहीत नव्हतं कारण साध्या प्रकाशात ते दिसतच नाही. तेवढ्या शेपटात हजारो पृथ्व्यांचं सामान आहे.

आणि उन्हाळ्यात सिंह राशीत मघाच्या पश्चिमेला पाच अंशांवर आर लिओनिस, ०.३ मायक्रॉनवाल्यांपैकी एक, काळ ३१० दिवस. त्याच्या उत्तरेला जेमतेम दोन अंशांवर सीडब्ल्यू लिओनिस आहे, तो कार्बनवाला. १९६९ मध्ये इन्फ्रारेड सर्व्हेत सापडला. ५ मायक्रॉनला बघितलं तर सौरमालेबाहेर आकाशात त्याच्याइतकं तेजस्वी काही नाही, आणि दृश्य प्रकाशात मोठ्या दुर्बिणीशिवाय ठिपकाही दिसत नाही, स्वतःच्याच काजळीत इतका बुडालाय. म्हणजे एक सिलिकेटवाला आणि एक काजळीवाला, दोन अंशांत शेजारी शेजारी.

पावणेतेरा

आर लिओनिस बायनॉक्युलरने दिसेल का? १०×५० आहे घरी.

दुर्बीणवाला

उजळ असताना आरामात, ५-६ प्रतीचा होतो, कधी त्याच्याही वर. उतरायला लागला की आठ-नऊपर्यंत धरता येईल, तेही शहराबाहेरून. अगदी तळाला ११ च्या खाली जातो, तिथे चार-सहा इंची दुर्बीण हवी. एएव्हीएसओ या तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या साईटवर चार्ट फुकट मिळतो, त्यात आजूबाजूच्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेल्या असतात, त्यांच्याशी ताडून बघायचं. तांबड्या ताऱ्याकडे फार वेळ टक लावून बघू नका, डोळ्याला तो आहे त्यापेक्षा उजळ वाटायला लागतो आणि नोंद चुकते.